स्टील कनेक्शन डिझाईन म्हणजे काय? सॉफ्टवेअरमधला एक ठिपका आणि साइटवरचे तीन बोल्ट



प्रत्येक घरात एक तरी चार्जिंग केबल अशी असते, जी वाकडी धरली तरच फोन चार्ज होतो. ती केबल नेमकी कुठे खराब झालेली असते? मधे सहसा नाहीच. पिनच्या गळ्यापाशी. वायर चांगली, चार्जर चांगला, फोनही चांगला. बिघाड असतो तो जोडाच्या जागी.

स्टीलच्या इमारतींचंही बरंचसं असंच आहे. मेट्रो स्टेशनचं छप्पर, रेल्वेचा पादचारी पूल, एमआयडीसीतली शेड, या सगळ्यांत बीम आणि कॉलम असतात आणि ते एकमेकांना नट-बोल्टने किंवा वेल्डिंगने जोडलेले असतात. या जोडालाच कनेक्शन म्हणतात. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. रोज सॉफ्टवेअरमध्ये अशा इमारती उभ्या करतो. आज तुम्हाला सांगणार आहे की सॉफ्टवेअरमध्ये हे कनेक्शन कसं डिझाईन होतं, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्यात कसा फसलो होतो.

घाबरू नका, गणित दहावीच्या पुढचं नाही.

सॉफ्टवेअरला कनेक्शन दिसतं का?

आपल्याकडे स्टॅड प्रो हे सॉफ्टवेअर खूप वापरलं जातं. त्यात इमारत रेषांची असते. प्रत्येक बीम एक रेषा, प्रत्येक कॉलम एक रेषा. दोन रेषा जिथे भेटतात तिथे एक ठिपका असतो, त्याला नोड म्हणतात.

आता गंमत बघा. खऱ्या इमारतीत त्या ठिपक्याच्या जागी प्लेट असते, बोल्ट असतात, भोकं असतात, वेल्ड असतो. सॉफ्टवेअरला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला फक्त एक गोष्ट सांगावी लागते: हा जोड घट्ट आहे की सैल?

घट्ट म्हणजे रिजिड. बीमचं टोक कॉलमच्या तुलनेत अजिबात फिरणार नाही. सैल म्हणजे पिन. टोक वजन पेलेल, पण दाराच्या बिजागरीसारखं थोडं फिरू शकेल.

आणि तुम्ही काहीच सांगितलं नाही तर? स्टॅड प्रो तो जोड घट्ट आहे असंच धरून चालतं. पिन हवी असेल तर मेंबर रिलीज नावाची सोय वापरून तुम्हाला ते मुद्दाम सांगावं लागतं.

मी ते सांगितलं नव्हतं.

माझी चूक काय झाली?

चाकणजवळच्या एका शेडमध्ये सामान ठेवायला पोटमाळा करायचा होता, म्हणजे मेझनाइन. एकूण १४ बीम, प्रत्येकाची लांबी ६ मीटर. सुरक्षिततेसाठी भार दीडपट धरल्यावर प्रत्येक बीमवर मीटरला ५० किलोन्यूटन भार येत होता. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो वजन समजा. म्हणजे एका बीमवर ३०० किलोन्यूटन, साधारण ३० टन. दोन्ही टोकांना अर्धा अर्धा, १५० किलोन्यूटन. (समजायला सोपं जावं म्हणून आकडे थोडे गोल केलेत.)

मी मॉडेल केलं, भार टाकला, रन केलं. आयएसएमबी ३५० हा सेक्शन पास झाला. रेशो ०.७४. म्हणजे बीमच्या ताकदीचा ७४ टक्केच वापर. सगळं हिरवं! मी खूश. ड्रॉइंग गेलं आणि माल फॅब्रिकेटरच्या यार्डात येऊनही पडला.

मग एका दुपारी फॅब्रिकेटर काकांचा फोन आला.

"साहेब, बीमच्या टोकाला मोमेंट आहे का नुसता शिअर?"

"का हो काका?"

"तुमच्या ड्रॉइंगमध्ये तीन बोल्टची फिन प्लेट दाखवलीये. आणि फोर्सच्या टेबलमध्ये टोकाला मोमेंट लिहिलाय दीडशे. तीन बोल्टांत दीडशे कसा बसणार?"

मी दोन्ही कागद समोर ठेवले आणि कानशिलं गरम झाली. काका शंभर टक्के बरोबर होते. सॉफ्टवेअरमध्ये जोड घट्ट होता. ड्रॉइंगमध्ये मात्र ऑफिसची नेहमीची फिन प्लेट होती, जी सैल जोडासाठी असते. इमारत एकच होती, पण मी ती दोन वेगवेगळ्या पद्धतीने डिझाईन केली होती.

घट्ट आणि सैल, इतका काय फरक पडतो?

बीमवर भार आला की तो वाकतो. वाकवणाऱ्या जोराला बेंडिंग मोमेंट म्हणतात. एक पट्टी दोन पुस्तकांवर नुसती ठेवा आणि मधे दाबा, ती सहज वाकेल. आता तीच पट्टी दोन्ही टोकांना हाताने घट्ट पकडून ठेवा आणि कुणालातरी मधे दाबायला सांगा. कमी वाकेल, पण तुमच्या मनगटांवर ताण येईल. तो ताण म्हणजे टोकाचा मोमेंट.

आता आपल्या बीमचे आकडे बघू.

- दोन्ही टोकं सैल असतील तर मधला मोमेंट: भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले ८. म्हणजे ५० × ३६ ÷ ८ = २२५ किलोन्यूटन-मीटर. टोकाला शून्य.
- दोन्ही टोकं पूर्ण घट्ट असतील तर मधे भागिले २४, म्हणजे फक्त ७५. टोकाला भागिले १२, म्हणजे १५०.

आयएसएमबी ३५० ची ताकद भारतीय मानक आयएस ८०० : २००७ प्रमाणे साधारण २०२ येते (बीमची वरची पट्टी स्लॅबने धरून ठेवली आहे असं समजून). सॉफ्टवेअरला सगळ्यात मोठा मोमेंट १५० दिसला, म्हणून त्याने पास केलं. पण साइटवर फिन प्लेट लागणार होती, टोक फिरणार होतं, आणि मधे २२५ येणार होता. २२५ भागिले २०२ म्हणजे १.११. चक्क फेल!

दीडपट भार धरलेला असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी माळा कोसळला नसता कदाचित. पण ज्या सुरक्षिततेसाठी आपण तो दीडपट धरतो, त्यातला मोठा वाटा मी एका न केलेल्या क्लिकमध्ये घालवून बसलो होतो. आणि त्या माळ्याखाली रोज माणसं काम करणार होती.

सरांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "पास झालं म्हणजे नेमकं काय पास झालं?"

मित्रांनो, हा प्रश्न मी आजही प्रत्येक मॉडेलला विचारतो.

मग दुरुस्ती कशी केली?

दोन रस्ते होते. एक, कनेक्शन खरोखर घट्ट करायचं. म्हणजे जाड एंड प्लेट, वर-खाली बोल्टच्या रांगा, कॉलममध्ये स्टिफनर. सॉफ्टवेअरने जे गृहीत धरलं ते साइटवर प्रत्यक्षात आणायचं. दोन, फिन प्लेटच ठेवायची आणि मॉडेलमध्ये टोकं रिलीज करून सगळं पुन्हा तपासायचं.

आम्ही दुसरा रस्ता घेतला. बीम आयएसएमबी ४०० केले, ज्यांची ताकद साधारण २६७ आहे. रेशो ०.८४, पास. मीटरला साधारण ९ किलो स्टील वाढलं. १४ बीमचं मिळून पाऊण टन. माल बदलून घ्यावा लागला, बोलणी बसली. पण एकही बीम अजून कापलेला नव्हता, हे नशीब.

इथे अजून एक धडा मिळाला. सगळीकडे रिलीज मारल्यावर सांगाडा बाजूने डुलायला लागला! साहजिक आहे. चारही कोपरे बिजागरीचे असतील तर चौकट लोटली की कलंडणार. आधी घट्ट सांधे हे डुलणं थांबवत होते, आता ते काम कुणीतरी करायला हवं. म्हणून दोन गाळ्यांत तिरके ब्रेसिंग टाकावे लागले. म्हणजे एका ठिपक्याबद्दलचा निर्णय पूर्ण इमारतीपर्यंत पोचतो.

सॉफ्टवेअर कनेक्शनचं डिझाईन कसं करतं?

आता मुख्य भाग. जोड सैल की घट्ट हे ठरलं की अॅनालिसिसमधून टोकाचे फोर्स मिळतात. ते कनेक्शन डिझाईनच्या मॉड्यूलला द्यायचे. स्टॅड प्रोसोबत रॅम कनेक्शन वापरता येतं, ऑटोडेस्क रोबोटमध्ये कनेक्शनचा भाग आतच आहे, आणि आयडिया स्टॅटिका हे तर खास कनेक्शनसाठीचंच सॉफ्टवेअर आहे. तुम्ही नोड निवडता, जोडाचा प्रकार निवडता, बोल्टचा आकार आणि प्लेटची जाडी देता, आणि ते एकेक तपासणी करत जातं.

आतमध्ये काय चालतं ते आपण हातानेच करून बघू. आपल्या बीमच्या टोकाला १५० किलोन्यूटन आहे. बोल्ट घेऊ एम २०, ग्रेड ८.८.

पायरी १: एक बोल्ट किती पेलतो? कात्री जशी कागद कापते तसा भार बोल्टला कापायला बघतो, याला शिअर म्हणतात. ८.८ मधल्या पहिल्या ८ चा अर्थ, या बोल्टचं स्टील तुटायला दर चौरस मिमीला ८०० न्यूटन ताण लागतो. आटे असलेल्या जागी बोल्टचं क्षेत्रफळ २४५ चौरस मिमी. मानकातलं सूत्र: ८०० भागिले १.७३२, गुणिले २४५, आणि मग सुरक्षिततेसाठी भागिले १.२५. उत्तर ९०.५ किलोन्यूटन. म्हणजे एक बोल्ट साधारण ९ टन!

पायरी २: किती बोल्ट लागतील? १५० भागिले ९०.५ म्हणजे १.६६. म्हणजे दोन बोल्ट पुरेत, बरोबर? इथेच बरेच जण फसतात.

पायरी ३: अंतराचा हिशोब. फिन प्लेट कॉलमला वेल्ड केलेली असते आणि बोल्ट तिथून ५० मिमी पुढे असतात. त्यामुळे बोल्टच्या गटाला भार खाली ओढतोच, शिवाय फिरवतोही. हा फिरवणारा जोर १५० गुणिले ०.०५, म्हणजे ७.५ किलोन्यूटन-मीटर.

दोन बोल्ट ६० मिमी अंतरावर ठेवले तर प्रत्येकावर उभा जोर ७५. फिरण्यामुळे आडवा जोर ७५०० भागिले ६०, म्हणजे १२५. दोन्ही एकमेकांना काटकोनात आहेत, म्हणून पायथागोरस लावा: एकूण साधारण १४६. ताकद ९०.५. फेल!

आता तीन बोल्ट. उभा जोर प्रत्येकी ५०. वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर १२० झालं, म्हणून आडवा जोर ६२.५. पायथागोरस: ८०. पास!

बघा, एकच बोल्ट वाढवला तर १४६ चे ८० झाले. कारण वजन तिघांत वाटलं गेलं आणि फिरवणाऱ्या जोराविरुद्धचं अंतरही दुप्पट झालं.

पायरी ४: बोल्ट ठीक, पण भोकाचं काय? बोल्ट मजबूत असला तरी तो ज्या पत्र्यात बसलाय तो पत्रा भोकापाशी चुरडू शकतो. याला बेअरिंग म्हणतात. आयएसएमबी ४०० ची मधली उभी पट्टी, म्हणजे वेब, ८.९ मिमी जाड असते. भोक २२ मिमीचं आणि कडेपासून ४० मिमीवर असेल तर ताकद येते साधारण ८८. लागतात ८०. पास.

पण कारखान्यात तेच भोक ७ मिमी सरकून कडेपासून ३३ मिमीवर पडलं तर? ताकद उतरते ७३ वर. फेल! बोल्ट तोच, बीम तोच, स्क्रीनवरचा ठिपकाही तोच. म्हणून कडेचं अंतर ड्रॉइंगमध्ये मिमीमध्ये लिहिलेलं असतं, आणि ते पाळायचं असतं.

याशिवाय प्लेट स्वतः वाकते का, वेल्ड पुरतो का, भोकांच्या रांगेतून पत्र्याचा अख्खा तुकडा फाटून निघतो का (ब्लॉक शिअर) अशाही तपासण्या असतात. सॉफ्टवेअर त्या सगळ्या काही क्षणांत करतं. त्याचा खरा फायदा इथेच आहे. माणूस एखादी तपासणी विसरतो, प्रोग्रॅम विसरत नाही. पण तुम्ही दिलेला जोर किंवा प्रकारच चुकीचा असेल तर तो चुकीच्या प्रश्नाचं बिनचूक उत्तर देतो.

कनेक्शन चुकलं तर काय होतं? १९८१ ची घटना

१७ जुलै १९८१. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरातलं हयात रीजन्सी हॉटेल. लॉबीत कार्यक्रम चालू होता, खूप गर्दी होती. वर छतापासून स्टीलच्या सळ्यांनी टांगलेले चालायचे पूल होते. त्यातला चौथ्या मजल्याचा पूल बरोबर दुसऱ्या मजल्याच्या पुलावर होता. दोन्ही एकदम खाली आले. ११४ माणसं गेली, २०० हून जास्त जखमी झाली.

कारण होतं एक कनेक्शन. मूळ कल्पनेत एकच लांब सळई छतापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत जाणार होती आणि दोन्ही पूल तिला आपापल्या नटवर बसणार होते. बांधताना सोय म्हणून तिचे दोन तुकडे झाले. एक सळई छतापासून चौथ्या मजल्याच्या बीमपर्यंत, दुसरी त्या बीमपासून खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत.

कागदावर फरक किरकोळ वाटतो. पण विचार करा. विहिरीत सोडलेल्या दोराला दोन जण वर-खाली लटकलेत आणि दोघांनी दोरच धरलाय. आता खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले. दोरावरचं एकूण वजन तेवढंच आहे. पण वरच्याच्या हातांवर आता दोघांचं वजन आलं.

तसंच चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटवर दोन पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. नट बीममधून आरपार निघाला. नंतरच्या सरकारी तपासात हेही दिसलं की मूळ रचनासुद्धा तिथल्या नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या साधारण ६० टक्केच होती. म्हणजे तो जोड आधीच कमकुवत होता, बदलाने तो आणखी कमकुवत झाला, आणि बदल मंजूर होताना त्या एका नटवर किती भार येतो हा हिशोब झालाच नाही.

फॅब्रिकेटर काकांचा तो फोन मला इतका मोठा का वाटतो, ते आता कळलं असेल. त्यांनी विचारलं. आणि विचारल्यावर मी "चालतंय हो काका" असं म्हटलं नाही, एवढंच माझ्या बाजूने बरं झालं.

तुम्हाला शिकायचं असेल तर?

डिप्लोमा किंवा सिव्हिल करत असाल तर ऑस्डॅग नक्की बघा. हे आयआयटी मुंबईतल्या फॉसी प्रकल्पातून तयार झालेलं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे आणि आयएस ८०० : २००७ वर चालतं. फिन प्लेट, क्लीट अँगल, एंड प्लेट असे कनेक्शनचे प्रकार त्यात आहेत. डिझाईन झालं की जोडाचं थ्रीडी चित्र दिसतं आणि तपासण्यांचा रिपोर्टही मिळतो. फोनवर नाही, कॉम्प्युटरवर चालतं. वर केलेला तीन बोल्टचा हिशोब आधी हाताने करा, मग त्यात टाकून बघा. उत्तर जुळलं तर आनंद, नाही जुळलं तर जास्त आनंद, कारण का नाही जुळलं हे शोधताना खरं शिकणं होतं.

आणि कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, रन दाबायच्या आधी हे चार प्रश्न विचारा:

१. हा जोड मॉडेलमध्ये सैल आहे की घट्ट?
२. ड्रॉइंगमधला जोड खरोखर तसाच वागेल का?
३. भार कुठून कुठे जातोय आणि वाटेतल्या प्रत्येक बोल्टवर किती येतोय?
४. कारखान्यात किंवा साइटवर काही बदललं तर ते मला कोण सांगणार?

फोनवरही एक गोष्ट करता येईल. पुढच्या वेळी रेल्वेच्या पुलावर किंवा मेट्रो स्टेशनात उभे असाल, तर रील बघता बघता दोन मिनिटं मान वर करा. बीम कॉलमला कुठे भेटतो ते बघा. बोल्ट फक्त बीमच्या मधल्या उभ्या पट्टीला आहेत? मग बहुतेक तो सैल जोड आहे. वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांनाही प्लेट, बोल्ट किंवा वेल्ड आहे? मग तो बहुतेक घट्ट. कॅमेरा झूम करून बोल्ट मोजा. कुणीतरी त्या प्रत्येक बोल्टचा हिशोब केलेला आहे.

त्या पोटमाळ्यावर मी नंतर एकदा गेलो होतो. सामानाची खोकी छतापर्यंत रचलेली होती. मी खाली उभा राहून एका बीमच्या टोकाकडे बघत होतो. तिथल्या एका कामगाराने विचारलं, "काय शोधताय साहेब?"

म्हटलं, "काही नाही, बोल्ट मोजतोय. तीन आहेत."

माहिती आवडली असेल तर सिव्हिल इंजिनिअरिंग करणाऱ्या तुमच्या मित्राला किंवा मैत्रिणीला हा लेख नक्की पाठवा.